मामाची लेन्स

१४ मे

ही वही डॉक्टरणीने दिली आहे. रोज सकाळी नाडी किती पडते, धाप लागली का, घोटे सुजले का, एवढं लिहायचं आणि महिन्याने तिला नेऊन दाखवायचं. मुलगी असेल तीस-बत्तीसची. तिच्या जन्माच्या आधीपासून मी आला-कोलची खिंड चढतोय. आणि ती खुर्चीत बसून मला सांगते, "बेयशेनकाका, तुमच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. बिश्केकला जाऊन बदलून घ्या. तोवर ओझं नाही आणि चढ तर अजिबात नाही." झडप बदलून घ्या म्हणे. सायकलचा वॉशर आहे का तो?

नाडी ८८. झालं लिहून.

आता कामाचं लिहितो. वीस जुलैला दुपारी मी आला-कोल तळ्याच्या वरच्या अंगाला, लाल रंगाचा ठिपका मारलेल्या माझ्या दगडावर उभा असतो आणि समोरच्या हिमनदीचा फोटो काढतो. सव्वीस वर्षांत एकही वर्ष चुकलेलं नाही. गिऱ्हाईक असो नसो, मी जातोच. तेव्हा चढ बंद करणं हा विषयच नाही. पण ओझ्याबद्दल बाई बोलली त्यात मात्र तथ्य आहे. डोंगर पाहिलेला नसल्यामुळे तिने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, एवढंच. धाप चढाने लागत नाही, ओझ्याने लागते. पस्तीस वर्षं वाटाड्या म्हणून कराकोलमध्ये काढली, मला कळत नाही का.

१७ मे

बायकोच्या, म्हणजे सायराच्या, स्वयंपाकघरातला तराजू घेऊन तिन्ही लेन्स तोलल्या. तळं आणि हिमनदी एका चौकटीत बसवणारी रुंद लेन्स, माणसं-घोड्यांसाठी मधली, आणि पलीकडच्या कड्यावरच्या रानबकऱ्यांसाठी लांबची. पिशवी धरून दोन किलो सहाशे. म्हणजे इतकी वर्षं मी एक तान्हं मूल छातीशी बांधून खिंड चढत होतो आणि कुणाला त्याचं काही नाही.

तिघींचं काम करणारी एकच झूम लेन्स घ्यायची. सहाशे ग्रॅमच्या आतली. दोन किलो अंगावरून उतरले की हृदयाला आणखी काय हवं?

सायराला हे समजावून सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अहो, लेन्स हलकी झाली म्हणून डोंगर बुटका होतो का?"

बायकोला विज्ञान समजावू नये. तिला तराजू परत हवा होता म्हणून ती तसं बोलली.

२१ मे

इस्खारच्या दुकानात गेलो. इस्खार दुंगान जमातीचा, माझ्याच वयाचा, चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतोय. अख्ख्या कराकोलचे कान त्याला पाठ आहेत. जुन्या-नव्या लेन्स विकतो, ओळखीच्याला भाड्याने देतो. त्याने तीन लेन्स काढून ठेवल्या आणि बाजारातल्या बाईसारखा प्रत्येकीचा गुण सांगू लागला.

पहिली चोवीस ते एकशेपाच (आकडा लहान तेवढं रुंद दिसतं, मोठा तेवढं लांबचं जवळ येतं). उजेड छान घेते, चित्र कडक येतं, पण लांबचं काही हाती लागत नाही, आणि वजन सातशेच्या वर. दुसरी चोवीस ते दोनशे. पावणेसहाशे ग्रॅम, धूळपाण्याला दाद देत नाही, पण लांब ओढली की उजेड कमी घेते. तिसरी अठ्ठावीस ते तीनशे. तिच्यात सगळं येतं आणि काहीच धड येत नाही. तिसरी मी हातातही घेतली नाही. अठ्ठावीसमध्ये माझ्या दगडावरून तळ्याचा डावा काठ कापला जातो.

"इंटरनेटवर बघ आधी," इस्खार म्हणाला. "पोरं सगळं तपासून लिहितात."

बघितलं. तळपायाची आग मस्तकात गेली. ही पोरं विटांच्या भिंतीचा फोटो काढतात. मग तो फोटो शंभरपट मोठा करतात आणि रडतात, कोपऱ्यातल्या विटा मऊ आल्या म्हणून. दीड-दीड हजार शब्द लिहिलेत एकेकाने, त्यात डोंगर कुठेही नाही. अरे, कोपऱ्यातली वीट बघायला कोण चढतं तीन हजार आठशे मीटर? खिंडीतल्या वाऱ्यात लेन्स बदलताना बोटं बधिर होतात, झाकण तोंडात धरावं लागतं, याबद्दल अक्षर नाही. एका वर्षी मी तिथेच लेन्स बदलली, बर्फाची कणी आत गेली आणि पुढचे वीस दिवस प्रत्येक आभाळात काळा डाग. ज्याला खिंडीत लेन्स बदलावी लागत नाही तो जिंकला.

इस्खारकडून पहिल्या दोन उसन्या घेतल्या. तो म्हणाला, "बेयशेन, भिंतीवरच तपास की. माझी मागची भिंत विटांचीच आहे."

हसून घ्या.

२९ मे

दोन्ही लेन्स घेऊन कराकोल नदीच्या खोऱ्यात गेलो. पहिल्या पुलापर्यंतच. हा चढ म्हणायच्या लायकीचासुद्धा नाही, त्यावर गायी चालतात.

पुलापाशी थोडा वेळ बसलो. चोवीस-एकशेपाच फारच जड आहे, मानेला ओढ बसते. तिथून एक जर्मन जोडपं चाललं होतं. नवरा थांबला, माझ्याकडे आणि कॅमेऱ्याकडे पाहून फोन दाखवत म्हणाला, आता यातच सगळं होतं, एवढं कशाला वागवता? मला उत्तर द्यायचं होतं, पण दम नव्हता, म्हणजे वेळ नव्हता. त्याच्या बायकोने मला त्यांच्या बाटलीतलं पाणी पाजलं. ती बराच वेळ माझं मनगट धरून बसली होती. परदेशी लोकांना काही रीतभात नसते.

नंतर सागिन त्याचे घोडे घेऊन खाली येत होता. त्याने मला घोड्यावर घेतलं. मी नको म्हणत होतो. येताना वाटेत एक शब्द बोलला नाही, आणि घरी येऊन सायराशी फाटकापाशी उभं राहून अर्धा तास बोलला. घोडेवाल्यांना चहाड्या करायला फार आवडतं.

फोटो पाहिले. दोन्ही लेन्सचे हललेले. उसन्या वस्तूंचं असंच असतं.

४ जून

सायराचं काहीतरी चाललंय. फोन आला की अंगणात जाते. मी गेलो की "बरं बरं, ठेवते" म्हणते. काल तीनदा. मला वाटतं लेन्सवर खर्च होऊ नये म्हणून माझ्याविरुद्ध फळी उभारते आहे. घरातल्या घरात हे असं.

दुपारी बेर्मेतचा फोन मला आला. बेर्मेत म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, झूराची मुलगी. एकतीस वर्षांची. डोंगरात पाहुणे घेऊन जाते. पोरीला पाठीवरची पिशवी कशी बांधायची इथपासून सगळं मी शिकवलं. विचारत होती, "मामा, झोप कशी लागते? उशा किती घेता?" मी म्हटलं, उशांचं काय विचारतेस, लेन्सचं विचार. तर लेन्सबद्दलही बरंच विचारलं. कुठली घेणार, कधी येणार, किती दिवसांनी निघणार. तिला रस आहे या गोष्टींत. घरात एकटीच ती तशी.

झूरालाही शेवटी धाप लागायची. तिलाही त्यांनी बिश्केकला जायला सांगितलं होतं. तिची गाय व्यायची होती म्हणून ती थांबली. तिचं वेगळं होतं. तिला डोंगराची सवय नव्हती.

नाडी आज मोजली नाही. काल मोजली ती चुकली असावी.

१२ जून

घेतली. चोवीस ते दोनशे.

इस्खारने मागवून दिली. ती अंधारात कमी पडते, मान्य. पण मी डोंगरात उजेडात फिरतो, लग्नाच्या हॉलमध्ये नाही. रुंद बाजूला माझं तळं पूर्ण मावतं, लांब बाजूला पलीकडच्या कड्यावरची बकरी दाढीसकट येते, आणि मधे कुठेही थांबलं तरी माणसाचा चेहरा नीट येतो. एकदा कॅमेऱ्याला लावली की घरी येईपर्यंत काढायची गरज नाही. हात हलला तर आतलं भिंग ते सांभाळून घेतं. हे इस्खारने तीनदा सांगितलं. तीनदा कशाला सांगायचं?

दुपारभर अंगणात बसून फिरवत राहिलो. कडं मऊ फिरतं, पण सैल नाही. सायरा समोर जर्दाळू निवडत होती. दोनशेवर तिचा चेहरा घेतला. तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय, हे लेन्समधून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. लेन्स फारच स्पष्ट आहे.

२२ जून

आजचं सगळं लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर मी फुटेन.

नव्या वस्तूसाठी माणसं बोलावली. मेंढी कापली, कणकेचे बोर्सोक तळले, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, किमिझची, कातडी पिशवी भरून ठेवली. लेन्स जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर मधोमध, जर्दाळूच्या वाडग्याशेजारी. रीतीप्रमाणे ज्याने त्याने पहिल्यांदा पाहताना काहीतरी हातावर ठेवलं. इस्खारने भिंग पुसायचं फडकं दिलं, कदीर आजोबांनी आशीर्वाद दिला. कदीर आजोबा आमच्या गल्लीतले सगळ्यात म्हातारे. रीतीचा प्रश्न आला की त्यांच्याकडेच जातात.

माझा मेव्हणा जोल्दोश, बेर्मेतचा बाप, लेन्स उलटीसुलटी करून म्हणाला, "एवढीशी? आणि हिच्यासाठी मेंढी? माझ्या भाच्याने मागितला तेव्हा मी घोडा दिला, घोडा. तू आमच्या पोरीला आजवर काय दिलंस रे?"

आमच्यात बहिणीच्या लेकराचा मामावर हक्क असतो. आयुष्यात तीनदा मागायचं, मागेल ते द्यायचं. मामाला नाही म्हणता येत नाही. आणि बेर्मेतने एकतीस वर्षांत एकदाही काही मागितलेलं नाही. ते मी जोल्दोशला सांगितलं. तो म्हणाला, "मागितलं नाही की तू कान बंद करून बसलास?" सगळे हसले.

आणि इथे माझं चुकलं. मी उभा राहिलो, वाडगा उंच केला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "बेर्मेत, माग. आज माग. लाजू नकोस." ती बोर्सोक खात राहिली. मी दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं, मोठ्याने. फाटकापाशी लाल शिंगरू बांधून ठेवलं होतं. सकाळी त्याची आयाळ विंचरली होती. तेच मागणार म्हणून माझ्या मनाची तयारी होती, आणि जोल्दोशचं तोंड बंद होणार होतं.

बेर्मेतने हातातला बोर्सोक खाली ठेवला. हात पुसले. म्हणाली, "मामा, मला ही लेन्स द्या."

सायरा माझ्या शेजारच्या वाडग्यात चहा ओतत होती. वाडगा भरून वाहायला लागला तरी ओततच राहिली. बिचारीला धक्काच बसला असणार.

दिली. सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हाताने, फडक्यासकट.

२३ जून

संताप संताप होतोय.

मी तिला रस्सी बांधायला शिकवली. मी तिला नदी कुठे ओलांडायची ते दाखवलं. तिच्या आईच्या माघारी दर शरदात माझ्या घरून तिच्यासाठी लोण्याचा डबा जातो. आणि पोरगी वीस जुलैला अठ्ठावीस दिवस राहिलेले असताना माझ्या गळ्यातली लेन्स काढून नेते. बरं, तिच्याकडे लेन्स नाही असंही नाही, चांगली आहे. घोडा मागायचा होता, दोन घोडे मागायचे होते, मी सागिनकडून तिसरा आणला असता.

भाचरावर हात उगारला तर मामाचा हात थरथरायला लागतो, असं आमच्याकडे समजतात. मी उगारला नाही. मनात मात्र उगारला. हात पाहिला, थरथरत होता. पण तो आधीपासूनच थरथरतो.

२६ जून

कदीर आजोबांकडे गेलो. चार घरं वर राहतात. मधे दोनदा थांबावं लागलं, गल्लीत खडी टाकलीय.

मी विचारलं, माणसाच्या कामाचं हत्यार असेल तर त्याला हा नियम लागत नाही, असं काही आहे का? आजोबा बराच वेळ दाढी कुरवाळत बसले. म्हणाले, "मी माझ्या मामाचं खोगीर मागितलं होतं. त्याच्याकडे एकच होतं. त्याने दिलं, आणि पुढे सहा महिने पोत्यावर बसून घोडा हाकला."

"मग तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पण मामा त्या सहा महिन्यांत कुठे लांब गेला नाही," ते म्हणाले आणि हसत बसले. वय झालं की माणूस भरकटतो.

३ जुलै

ठीक आहे. जुन्या तीन लेन्स घेऊन जाईन, असं सकाळी जाहीर केलं.

सायरा उठली. तराजू आणून माझ्यासमोर ठेवला, तिन्ही लेन्स पिशवीसकट त्यावर ठेवल्या आणि भांडी घासायला निघून गेली. काटा दोन किलो सहाशेवर. मीच सांगितलेलं आता मला ऐकवते. मी म्हटलं, एवढ्याने काही होत नाही. तर मोरीतून आवाज आला, "तुम्हीच म्हणालात, धाप ओझ्याने लागते. मी आपली अडाणी, मला विज्ञान काय कळतंय."

इस्खारकडे गेलो, उसनी दे म्हटलं. त्याच्या सगळ्या लेन्स दुरुस्तीला गेल्यात म्हणे. एकजात सगळ्या. मागे कपाटात काहीतरी चमकत होतं, पण तो कपाटाला पाठ लावून उभा राहिला. धंदा बुडतोय त्याचा, सांगायला लाजतोय. सागिनकडे घोडा मागितला, ओझं तरी तो वाहील. ऑगस्टच्या मध्यापर्यंत एकही घोडा मोकळा नाही, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला. कुरणात सात चरताना मी डोळ्यांनी पाहिले.

यंदा सगळं जगच माझ्यावर उलटलंय. एकदा बाजारात गेलो, कत्तामाचे, म्हणजे पदरी रोटीचे, दोन तुकडे घेतले, आणि तिथल्या बाईनेसुद्धा विचारलं, "काका, बिश्केकला कधी?" हिला कुणी सांगितलं?

२० जुलै

बेर्मेत पाहुणे घेऊन वर गेली आहे. जाताना फाटकाशी येऊन म्हणाली, "तुमच्या दगडावरून फोटो काढून आणते, मामा." मी फाटक लावून घेतलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी सावली हिमनदीच्या उजव्या कडेवरून उठते. तोच क्षण पकडायचा असतो. बाराला पाच कमी असताना मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो, साडेबारापर्यंत. इथून खिंड दिसत नाही.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

२४ जुलै

ती आली. पायातली धूळही झटकली नाही, सरळ आत येऊन फोटो दाखवायला बसली. बघायचे नाहीत असं मी ठरवलं होतं.

तीन फोटोंत क्षितिज तिरकं. हे अक्षम्य आहे. पाण्याच्या थेंबासकट फूल जवळून घेतलंय, ते बरं आहे. तंबूबाहेर हसणारे पाहुणे पन्नासवर, ठीक. दोनशेवर रानबकरीचं कुटुंब, पिलाच्या कानावरचा केससुद्धा मोजता येतो. मी म्हटलं नव्हतं? भिंतीचे फोटो काढणाऱ्यांना दाखवा म्हणावं.

मग हिमनदीचा आला. चोवीसवर काढलेला, माझ्यासारखाच. तळं आहे, डावा काठ आहे, दगडगोटे आहेत, हिमनदी नाही.

"भलत्याच दगडावर उभी राहिलीस तू," मी ओरडलो. "आईशप्पथ, एवढं शिकवून—"

तिने पुढचा फोटो दाखवला. तिचा बूट, आणि बुटाशेजारी माझा लाल ठिपका. त्याच्या पुढचा फोटो तिने एकशेऐंशीपर्यंत ओढून काढला होता, तेव्हा कुठे कड्याच्या बेचक्यात पांढरं दिसलं. एवढंसं.

मी कपाटातून गेल्या वर्षीचा काढला. त्यातही फार नव्हतं. त्याच्या आधीच्या वर्षीही नव्हतं. मी दरवर्षी तिथे काय बघत होतो कोण जाणे. मला ती पूर्ण दिसायची.

सायरा दारात उभी होती. मग बेर्मेत म्हणाली, "मामा, मी दुसरं मागणं मागते."

"माग. कॅमेरा राहिलाय, तोही ने. घराचं दार काढून ने."

"बिश्केकला चला. झडप बदलून घ्या. हे माझं दुसरं मागणं."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. तिच्या तोंडाकडे पाहिलं, थट्टा नव्हती. मग मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. घोडा मागतात, खोगीर मागतात, बंदूक मागतात, माणूस कुणी मागत नाही. रीतीला काही सीमा असते. माझ्याच घरात, माझ्याच छातीवर हक्क सांगायला ही कोण? मी हात आपटला, वाडगा फुटला.

ती उठली नाही. म्हणाली, "आईकडेही मी हेच मागितलं होतं. पाया पडून. पण आई काही मामा नव्हती, म्हणून तिला 'नाही' म्हणता आलं."

नंतर तिनेच वाडग्याचे तुकडे गोळा केले.

२५ जुलै

सकाळी सकाळी कदीर आजोबांकडे गेलो, चालत, तीनदा थांबलो. त्यांच्या दारात बेर्मेतचे बूट आधीच होते. सायराच्या चपलाही.

आजोबांनी मला विचारलं, "हृदय तुझं आहे ना? की जोल्दोशचं आहे?"

"माझं आहे."

"मामाच्या मालकीचं असेल ते मागता येतं. मला यात अडचण दिसत नाही."

"आजोबा, हा काय न्याय झाला?"

"न्याय मागायला आला होतास का? तू सुटका मागायला आला होतास," ते म्हणाले आणि मला चहा दिला. सायरा तोंड फिरवून बसली होती, तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं हसते आहे.

चारचौघांसमोर मीच तिला माग म्हणालो, तेही तीनदा, ओरडून. माझ्यासारखा मूर्ख या खोऱ्यात दुसरा नसेल.

६ ऑगस्ट, बिश्केक

उद्या सकाळी पहिला नंबर माझा.

इथली पद्धत अशी की एक कागद भरून घेतात. त्यावर सही करायची, की मी स्वखुशीने तयार आहे. मी सर्जनला स्पष्ट सांगितलं, स्वखुशी वगैरे काही नाही, वस्तू भाचीने मागून घेतली आहे, तिलाच सही करायला सांगा. तो ओश शहरचा, आमची रीत जाणणारा निघाला. हसला नाही. "मग तर तुम्हाला नाही म्हणताच येणार नाही," म्हणाला आणि पेन पुढे केलं. सही केली.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. त्या दिवशी पुलापाशी मी बसलो नव्हतो. पडलो होतो. डोळे उघडले तेव्हा त्या जर्मन बाईचा चेहरा वर होता, आणि मला सायराचं नाव आठवत नव्हतं. लेन्स हलकी होती. चोवीस-एकशेपाच पिशवीत होती, गळ्यात दुसरीच होती. मला हे तेव्हापासून माहीत आहे. मला भीती वाटते, आणि मे महिन्यापासून रोज वाटते आहे, आणि माणसाला भीती वाटते तेव्हा त्याने कुणावर तरी चिडावं लागतं.

दुपारी बेर्मेत आली. लेन्स गळ्यात. माझा या हिरव्या झग्यातला फोटो काढायला लागली, अगदी तोंडाजवळ येऊन, चोवीसवर. मी म्हटलं, चोवीसवर नाक बटाट्याएवढं येतं, मागे सर आणि सत्तरवर घे, एवढंही कळत नाही का. ती मागे सरली, सत्तरवर घेतला. चांगला आलाय. सायरा शेजारी आहे त्यात, तिने माझी बाही धरली आहे. ते मला फोटोतच कळलं.

मग मी विचारलं, "तिसरं मागणं काय आहे ते आत्ताच सांगून टाक. माझ्याकडे आता उरलंय काय?"

"सांगणार नाही."

"का?"

"घरी आल्यावर सांगेन. दस्तरखान घालून, सगळ्यांसमोर. तसं मागायला समोर मामा लागतो."

असा उद्दामपणा. दोनदा लुटून झालं, आता तिसऱ्याची तारीख लावून ठेवते. सायरासुद्धा तिच्याच बाजूने मान हलवत होती. म्हणजे मला आता घरी जावंच लागणार.